कच्चे लिंबू

गल्लीत खेळ मांडला की दोन दांडगे गडी पुढे होतात आणि आपापले भिडू निवडून घेऊ लागतात. चपळ पोरे आधी जातात, मग मध्यम, मग कुणालाच फारसा नको असलेला एखादा. सगळ्यांच्या शेवटी थोरल्या बहिणीच्या पाठोपाठ आलेले, नाक ओढणारे, कमरेएवढे एक पोर उरते. त्याला घ्यावे तर एक गडी फुकट जाणार. न घ्यावे तर ते भोकाड पसरणार, त्याची आई बाहेर येणार आणि सगळ्यांचाच खेळ मोडणार. मराठी मुलांनी यावर कितीतरी पिढ्यांपूर्वी एक तोड काढून ठेवली आहे. त्या पोराला ‘कच्चे लिंबू’ करायचे. ते खेळात असते. धावते, ओरडते, हुतूतूच्या रेघेवरही उभे राहते. पण ते बाद होत नाही, आणि त्याने कुणाला शिवले तरी ते धरीत नाहीत.

या तोडीचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. कायदेपंडितांच्या सभेलाही इतका सोयीचा ठराव इतक्या थोड्या वेळात सुचला नसता. खेळ मोडत नाही, पोर रडत नाही आणि आई घरातच राहते. परंतु त्या पोराच्या बाजूने पाहिले म्हणजे मन थोडे घुटमळते. कारण एक दिवस त्याच्या ध्यानात येते, की आपण शिवलो तरी कोणी बाद होत नाही. त्या दिवशी ते पुन्हा रडते. आणि हे रडणे पहिल्या रडण्याहून निराळे असते. पहिल्यांदा ते खेळाबाहेर ठेवले म्हणून रडले होते. आता ते खेळात घेऊनही बाहेरच ठेवले म्हणून रडत असते.

सबळ आणि दुबळा यांना एकाच डावात बसवायचे कसे, हा प्रश्न मला वाटते माणसाच्या मोठ्या प्रश्नांपैकी एक आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. तत्त्वज्ञानाचे ग्रंथ वाचले ते तालुक्याच्या गावी हाती लागले तेवढेच. पण शाळामास्तराला हा प्रश्न ग्रंथात शोधावा लागत नाही. तो रोज सकाळी साडेदहाला घंटा झाली की समोर रांगेने येऊन बसतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र तो मला एका परदेशी खेळाच्या निमित्ताने भेटला, आणि इतक्या स्वच्छ रूपात भेटला की तेव्हापासून मी त्याच्याविषयी विचार करीत आहे.

माझा भाचा पुण्याला शिकतो. सुट्टीत तो चाकूरला आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या पिशवीत कपड्यांपेक्षा फासेच जास्त होते. आपल्या सारीपाटाचे लांबट फासे नव्हेत, की सापशिडीचा चौकोनीही नव्हे. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, बारा बाजूंचे आणि एक तर चक्क वीस बाजूंचा. खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. आपण त्याला तळघरे आणि अजगर म्हणू. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो छापून काढला आणि आता तो जगभर खेळला जातो. पट असला तरी चालतो, नसला तरी चालतो. एकजण कथेकरी होतो. तो सांगतो, की तुम्ही एका पडक्या गढीच्या दाराशी उभे आहात, आतून धूर येतो आहे. आता काय करता? बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र होऊन बसलेले असतात आणि आपले पात्र काय करते ते सांगतात. जमले की फसले हे फासा ठरवतो. आपल्याकडच्या गोंधळात नायक बोलतो आणि साथीदार मध्येच विचारतो, “मग काय झाले?” इथे फरक एवढाच, की पुढे काय झाले ते साथीदारांनीही ठरवायचे असते.

पात्रे मात्र वाटेल तशी नसतात. त्यांचे वर्ग ठरलेले आहेत. मूळ नियमांत तीनच होते: लढवय्या, मांत्रिक आणि देवाची करुणा भाकणारा पुजारी. पुढल्याच वर्षी, १९७५ मध्ये, चोर आला. आता डझनभर आहेत. लढवय्याला तलवार चालते, चिलखत चालते, मार सोसतो. मांत्रिक अंगाने दुबळा, पण त्याच्या पोतडीत मंत्र. आणि भांडण इथेच आहे. हा खेळ खेळणारे पन्नास वर्षे एकमेकांशी वाद घालीत आले आहेत, की या वर्गांचा तोल सारखा आहे की नाही.

आमच्या माळवदावर हे भांडण पहिल्याच रात्री झाले. माझी मुलगी लढवय्यी झाली होती, शेजारचा मुलगा मांत्रिक. पहिले दोन तास ती खूश होती. मांत्रिकाला एकदा मंत्र टाकला की पुढे काही उरत नव्हते, आणि एखाद्या उंदराने चावले तरी तो मरायला टेकत होता. सारी भिस्त हिच्या तलवारीवर. पण भाच्याने दुसऱ्या रात्री खेळ पुढे नेला, पात्रे थोर झाली, आणि सगळे पालटले. मांत्रिक आता आगीचे गोळे फेकू लागला, हवेत उडू लागला, बंद दारे उघडू लागला, दुसऱ्याच्या मनातले वाचू लागला. माझी मुलगी तलवार मारीत होती. आधी एकदा मारी, आता दोनदा. तिसऱ्या रात्री तिने फासा बाजूला ठेवला आणि शेंगा सोलायला घेतल्या.

“मी कशाला आहे मग?” ती म्हणाली.

“अगं, तू पुढे उभी नसशील तर त्याला कोण वाचवील?” भाचा म्हणाला.

“म्हणजे मी त्याची राखणदार. खेळणार तो, आणि मी त्याला जपायचे.” मग माझ्याकडे वळून, “बाबा, तुम्हीच सांगा, हे बरोबर आहे का?”

भाचाही म्हणाला, “मामा, तुम्ही मास्तर आहात. सांगा की.”

मी शेंगा सोलू लागलो. उत्तर सोपे नव्हते.

या खेळाचे कुळ शोधू गेलो तेव्हा मौज वाटली, कारण ते फिरून आपल्याच दारात येते. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चार अंगांचा आपला चतुरंग इराणात गेला, तिथून अरबांकडे आणि पुढे युरोपात. तिथे अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन लोकांनी बुद्धिबळाचा पट वाढवून त्याची लढाई केली. १८१२ मध्ये प्रशियाच्या राजाला रायस्विट्झ नावाच्या सरदाराने असा एक खेळ करून दाखवला. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियम छापले आणि सैन्यातले अधिकारी त्यावर डावपेच शिकू लागले. त्यात फासे आले, आणि दोन्ही बाजूंचे ऐकून निवाडा देणारा पंचही आला. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने घरातल्या जमिनीवर शिशाचे शिपाई मांडून खेळायच्या लढायांचे एक पुस्तकच लिहिले. दिवाळीत किल्ला करून त्यावर मावळे मांडणाऱ्या आपल्या मुलांना त्यात नवे काही वाटणार नाही. मग १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेस्ली याने आपल्या खेळगड्यांना पलटणी द्यायच्याऐवजी एकेक माणूस दिला: तू या गावचा अमका, तू तमका. त्या गड्यांत आर्नेसन होता. तिथून पाच वर्षांत तळघरे आणि अजगर.

दिसायला हा फरक लहान आहे, पण माझ्या मते सारा नैतिक प्रश्न तिथेच जन्माला आला. बुद्धिबळाच्या पटावर प्यादे एक घर चालते आणि वजीर सगळीकडे. प्याद्याने कधी तक्रार केली आहे काय? वजिरासाठी मेलेल्या प्याद्याला आपण का मेलो हे विचारता येत नाही, कारण त्याच्या आत कोणी नसते. पटाच्या दोन बाजूंना बसलेले दोन माणसे असतात आणि त्या दोघांजवळ सोळा सोळा मोहरी सारखीच असतात. एवढ्यावर डाव न्यायाचा ठरतो. पण ज्या दिवशी एकेका मोहऱ्यात एकेक जिवंत माणूस जाऊन बसला, त्या दिवशी “दोन्ही बाजू सारख्या आहेत” हे उत्तर पुरेनासे झाले. प्यादे विचारू लागले, की आपली बाजू जिंकली खरी, पण मी काय केले?

आणि आपण सारे जगात मोहऱ्यांच्या आत बसलेलेच आहोत. म्हणून या पोरखेळाकडे मला पोरखेळ म्हणून पाहता येत नाही.

यावर पहिले सोपे उत्तर सर्वांना समान करण्याचे. या खेळाच्या कर्त्यांनी तेही करून पाहिले. २००८ मध्ये त्यांनी चौथी आवृत्ती काढली आणि लढवय्या असो, मांत्रिक असो, सर्वांना एकाच साच्याच्या शक्ती वाटून दिल्या: काही केव्हाही वापरायच्या, काही एका चकमकीत एकदाच, काही दिवसातून एकदाच. तोल पुष्कळ सुधारला. पण खेळणाऱ्यांपैकी पुष्कळांनी नाक मुरडले. त्यांचे म्हणणे असे, की आता कोणी काहीही झाले तरी चव एकच लागते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत कर्ते पुन्हा मागे वळले, वर्ग पुन्हा निरनिराळे झाले, आणि भांडण पुन्हा सुरू झाले. मला या गोष्टीत त्या लोकांचा मूर्खपणा दिसत नाही. फराळाच्या ताटात चकली, करंजी आणि चिवडा यांना सारखेच तिखट आणि सारखेच गोड करून कोणी न्याय केला म्हणत नाही. माणसाला समान व्हायचे असते हे खरे. पण त्याला आपण आपणच असावे असेही वाटते, आणि या दोन इच्छा एका घरात भांडणाऱ्या जावांसारख्या आहेत. एकीला घराबाहेर काढून भागत नाही.

दुसरे उत्तर तालमीतले. कुस्तीला तोलामोलाची जोड पाहिजे. जत्रेच्या फडात पंच नुसत्या नजरेने जोड लावतात. ऑलिंपिकमध्ये काटा लावून वजनी गट करतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवून आले ते बँटमवेट गटात, सत्तावन्न किलोंत. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. शंभर किलोंच्या पैलवानाशीच त्यांना झुंजवले असते तर त्यांची चपळाई जगाला दिसलीच नसती. आमच्या लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९७० मध्ये एडिंबरोहून राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदक घेऊन आले तेही आपल्या वजनाच्या गटातूनच. तेव्हा गट पाडणे हा अन्याय नव्हे. पुष्कळदा तोच न्याय असतो.

पण या उत्तराची एक अट आहे, ती आपण विसरतो. सत्तावन्न किलोंच्या गटातही पदक असते, आणि ते शंभर किलोंच्या पदकाएवढेच सोन्याचे असते. गट पाडून खालच्या गटातले पदक काढून घेतले, तर उरते ती नुसती वर्गवारी. आमचा लातूर भाग परीक्षेसाठी प्रसिद्ध आहे. ‘लातूर पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्रात ठाऊक नाही असे घर विरळा. नांदेड, परभणी, बीडकडची मुले खोल्या घेऊन लातूरला राहतात, आईबाप सोयाबीनचे पैसे शिकवणीला भरतात, आणि त्यातून खेड्यापाड्यांतली किती तरी मुले डॉक्टर झाली आहेत. मी त्या मेहनतीला हसणार नाही. ज्याच्या वाडवडिलांनी दवाखाना फक्त बाहेरून पाहिला, त्याच्या पोराने आत खुर्चीवर बसावे ही लहान गोष्ट नव्हे. पण गुणांप्रमाणे मुलांच्या तुकड्या पाडायची जी रीत सगळीकडे पसरली आहे, तिच्याकडे पाहताना मला फडातला पंच आठवतो. शेवटच्या तुकडीतल्या मुलाला तोलामोलाची जोड मिळते असे आपण म्हणतो. त्याचे पदक कुठे आहे? तो हजेरीपटावर असतो, शुल्क भरतो, बाकावर बसतो. पण त्याने उत्तर दिले तरी ते कोणी धरीत नाही. आपण त्याला मोठ्या मायेने कच्चे लिंबू केलेले असते.

तिसरे उत्तर मला कथेकऱ्याचे वाटते. महाभारतात भीम आणि सहदेव यांचा तोल सारखा आहे काय? गदेच्या मापाने मुळीच नाही. पण व्यासांनी पांडवांना एक वर्ष विराटाच्या घरी नेऊन ठेवले. तिथे शस्त्र बाहेर काढायची बंदी. भीम बल्लव होऊन स्वयंपाकघरात, अर्जुन बृहन्नडा होऊन नाच शिकवतो, नकुल घोडे सांभाळतो, सहदेव तंतिपाल होऊन गाई राखतो, धर्मराज कंक होऊन राजाशी फासे खेळतो, द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची वेणी घालते. एका वर्षापुरता गांडिवाचा उपयोग शून्य, आणि गाईची पारख करणारा सहदेव अर्जुनाच्या बरोबरीचा. कुणाचीही शक्ती व्यासांनी कापली नाही. त्यांनी प्रसंग पालटला. चांगला कथेकरी हे जाणतो, की ज्याच्या हातात फासा नुसता पडून आहे त्याच्यासाठी पुढचा दरवाजा उघडायचा असतो. चांगला मास्तरही हेच करीत असतो. पुस्तक वाचताना अडखळणारे पोर शेताची मोजणी करायला नेले की बांधावर उभे राहून बिघ्याचा अंदाज सांगते, आणि पहिल्या नंबराचा मुलगा वही मिटून त्याच्या तोंडाकडे पाहतो.

इतके लिहून मी थांबलो असतो तर निबंध सुबक झाला असता. पण कोणी चिकित्सक वाचक इथे म्हणेल, आणि त्याने म्हणावेच, की “मास्तर, हे आम्ही पूर्वी ऐकले आहे. प्रत्येकाचे काम आपापल्या जागी मोलाचे. डोके डोक्याच्या जागी, पाय पायांच्या जागी. हेच सांगून आमच्या पूर्वजांना हजार वर्षे पायाशी बसवले ना?” हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. या खेळात ‘वर्ग’ म्हणतात तो शब्द उच्चारताना आपल्या जिभेवर ‘वर्ण’ येतोच. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते, की जातिभेदाला श्रमाची वाटणी म्हणणे फसवे आहे. त्यात कामाबरोबर काम करणाऱ्यांचीच वाटणी होते, आणि तीही एकाखाली एक अशी. तेव्हा “तुझ्यावाचून आमचे अडते” एवढे म्हटल्याने न्याय होत नाही. माझ्या मुलीला भाचा हेच म्हणाला होता, आणि तिने त्याला जागीच पकडले.

मग फरक कशात आहे? मला दोन गोष्टींत दिसतो. पहिली निवडीची. खेळात कागद कोरा असतो; लढवय्या व्हायचे की मांत्रिक, हे ज्याचे त्याने ठरवायचे, आणि कंटाळा आला तर कागद फाडून दुसरा घ्यायचा. जन्माने मिळालेल्या कागदाला फाडायची सोय नव्हती. दुसरी गोष्ट किमतीची. तोल साधायचा म्हणजे कुणाला तरी काही सोडावे लागते. ते कोण सोडतो? एकलव्याची गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा मुले गुरुभक्तीवर येऊन थांबतात. मी त्यांना थोडे पुढे नेतो. अर्जुनासारखा धनुर्धर दुसरा नसावा, हा द्रोणाचार्यांचा शब्द होता. डावातला तोल त्यांच्या मते बिघडत होता आणि तो त्यांनी सुधारलाही. फक्त अंगठा कुणाचा घेतला ते पाहावे. जेव्हा जेव्हा कोणी “तोल राखण्यासाठी” असे म्हणेल तेव्हा तेव्हा, मुलांनो, आधी अंगठे मोजून घ्या, असे मी सांगतो.

तेव्हा वजनी गट पुरत नाहीत, समानतेचा एकच साचा पुरत नाही, आणि नुसता प्रसंग पालटणारा कथेकरीही पुरत नाही, कारण तो कथेकऱ्याच्या मर्जीवर चालतो. मर्जी फिरली की सहदेव पुन्हा मागच्या रांगेत. मर्जीवर न चालणारे काही आपल्याकडे आहे काय? मला वाटते, आहे. आणि ते प्रत्येक शाळेच्या मैदानावर आहे.

खो-खो पाहा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास त्याचे नियम बांधले, आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झालेली त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनीही जिंकली. पाठलाग करणाऱ्यांचे आठजण एका रांगेत बसलेले, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून, नववा धावतो. त्या धावणाऱ्याला दोन बंधने असतात. एकदा दिशा घेतली की त्याने मागे वळायचे नाही, आणि बसलेल्यांच्या मधून मधली पाटी ओलांडायची नाही. गावातला सर्वांत वेगवान मुलगा असला तरी पळणारा गडी पलीकडे गेला की त्याला थांबून बसलेल्याच्या पाठीशी जावे लागते आणि ‘खो’ द्यावा लागतो. तो त्याची जागा घेतो. बसलेला उठून धावतो. क्षणभरात बसलेला धावणारा झाला आणि धावणारा बसलेला.

या नियमाचे सौंदर्य असे, की त्याने वेगवान मुलाचा वेग कापलेला नाही. सरळ रेषेत तो जिवाच्या आकांताने धावू शकतो. नियमाने त्याचे फक्त वळणे काढून घेतले आहे, आणि ते वळणे बसलेल्या आठजणांना वाटून दिले आहे. संथ मुलाला ‘खो’ मिळतो तो कुणाच्या दयेने नव्हे. तो न दिला तर डाव हरतो म्हणून. शिवाय पाळी संपली की पाठलाग करणारे पळणारे होतात आणि पळणारे पाठलाग करणारे. म्हणजे बाजूही कायमची कुणाची नाही. वर्णव्यवस्था आणि खो-खो दोन्ही म्हणतात की बसलेल्यावाचून अडते. पण खो-खोत बसलेला उठतो.

माझ्या मुलीच्या भांडणाचा निवाडा मी या धोरणाने केला. मी म्हटले, मांत्रिकाचे मंत्र कमी करू नका. पण असे करा, की मोठा मंत्र म्हणायला त्याला थोडा वेळ लागावा, आणि तेवढ्या वेळात काय होते ते लढवय्यीच्या फाशावर ठरावे. तिचा फासा फसला तर मंत्र फुकट. भाच्याने डोके खाजवून सांगितले, की जुन्या नियमांत असेच काहीसे होते. मंत्र म्हणताना मार बसला की तो वाया जायचा. पुढे ते सोयीसाठी सैल करत गेले. मला ते ऐकून गंमत वाटली. सबळाची सोय वाढत जाते तसतसा दुबळ्याचा ‘खो’ गळत जातो, हे नियमांच्या पुस्तकातही घडते तर!

शेवटी एक शंका उरते, आणि ती सर्वांत खोल आहे. आमच्या चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे कवायत करणाऱ्या जवानाला कोणी तोलामोलाची जोड शिकवीत नाही. खऱ्या युद्धात तोल मागत नाहीत. तो बिघडवायचा असतो, आपल्या बाजूने. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची मोठी फौज उंबरखिंडीच्या चिंचोळ्या झाडीत येऊ दिली आणि मग दोन्ही तोंडे बंद केली, तेव्हा खानाने “हे न्यायाचे नाही” असे म्हणून चालले नसते. थोड्यांनी पुष्कळांवर मात करायची ती अशीच. कोणी म्हणेल, की जग हे असे आहे. मग मुलांना तोलाच्या गोष्टी सांगून दुबळे कशाला करता?

मला याचे उत्तर असे सुचते. तोल हवा असे वाटणे, हीच खेळाची युद्धापासूनची ओळख आहे. युद्ध संपवायला एक बाजू पडावी लागते. खेळ उद्या पुन्हा मांडायचा असतो, आणि उद्या मांडायचा तर आज हरलेल्याला उद्या यावेसे वाटले पाहिजे. माणसाने पटावर आणि मैदानावर रेघा ओढल्या त्या लढाईची नक्कल करण्यासाठी हे खरे. पण नक्कल करताना त्याने लढाईत नसलेली एक गोष्ट तीत घातली. प्रत्येकाची पाळी. म्हणून शाळा, घर आणि गाव यांविषयी आधी हे ठरवावे लागते, की ते युद्ध आहे की खेळ. शाळा युद्ध असेल तर शेवटच्या तुकडीतली मुले म्हणजे पडलेले शिपाई. त्यांची मोजदाद करून पुढे जावे. पण ती मुले उद्या याच गावात आपल्याबरोबर राहायची आहेत, आपला दूध-भाजीपाला, आपली विहीर, आपले मत त्यांच्या हाती जायचे आहे. ज्यांच्याबरोबर उद्या पुन्हा बसायचे आहे त्यांच्याशी युद्ध करता येत नाही.

म्हणून वाचकहो, या चार दिवसांत घरोघर पत्ते निघतील, कॅरम निघेल, कुठे तरी वीस बाजूंचा फासाही गडगडेल. लहानग्याला आज कच्चे लिंबू केले तर जरूर करा. दयेला खेळात जागा आहे. फक्त ते लिंबू पिकणार कधी, याची मुदत आधी ठरवून ठेवा, आणि ती त्यालाही सांगा. पुढच्या दिवाळीत त्याने शिवले की ते धरायचे. मग ते तुम्हाला बाद करील, आणि तुम्हाला थोडे लागेलही. ते लागणे ज्याला आनंदाने सोसते, त्याला डाव मांडायचा अधिकार आहे असे मी समजतो.